मदत हवी आहे: गायरानातल्या झाडांचं मूल्यमापन, सोमवारपर्यंत अहवाल द्यायचाय

माळकरी: नमस्कार मंडळी. आमच्या संस्थेनं धारूर तालुक्यात गावकऱ्यांना धरून सहा हजार झाडं लावली. पैसे देणाऱ्यांचा मेल आलाय, सोमवारपर्यंत मूल्यमापन अहवाल पाठवा. जगण्याचं प्रमाण, लोकसहभाग, परिणाम असे रकाने आहेत. परवा मोजली, ३६०० जिवंत निघाली. म्हणजे ६० टक्के. बाकी रकान्यांत काय लिहू? कुणाकडं तयार नमुना असेल तर टाका. लई घाई आहे.

चरखोद्या: जमीन किती, कुणाची, दोन रोपांत अंतर किती, लावली कधी? यातलं काहीच नाही लिहिलंत.

हिरवा_लातूरकर: मियावाकी करा, म्हणजे अगदी दाट लावायचं. चौरस मीटरला तीन रोपं. मी चार गुंठ्यांत केलंय, आता आत शिरता येत नाही.

चरखोद्या: चार गुंठ्यांना टँकर परवडतो हो. ते लावून बसलेत, आता अहवाल लिहायलेत.

माळकरी: दहा एकर, ३ बाय ३ मीटर, जुलै २०२२. पण टक्केवारीशी याचा काय संबंध?

चरखोद्या: दहा एकर म्हणजे चार हेक्टर. ३ बाय ३ वर हेक्टरी ११११ खड्डे, सगळे मिळून ४४४४. मग सहा हजार बसवली कुठं?

माळकरी: हां, ते राहिलंच. २०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला, बरीच वाळली. नंतर दीड हजार नांग्या भरल्या, म्हणजे वाळलेल्यांच्या जागी नवी रोपं लावली. त्या धरून सहा हजार.

निवृत्त_वनकर्मचारी: मग ३६०० ला ४४४४ नं भागा. ८१ टक्के येतात. आम्ही असंच लिहायचो, कुणी विचारलं नाही.

चरखोद्या: काका, म्हणूनच कागदावरचं जंगल माळावर सापडत नाही. ८१ टक्के खड्ड्यांत आज झाड आहे, एवढंच खरं. २०२२ ची किती जगली ते त्यातून कळतच नाही. दोन्ही वर्षांची वेगळी मोजा. आणि पावसाळ्याच्या तोंडावर, मे अखेरीस मोजायचं. दिवाळीच्या आधी सगळंच हिरवं दिसतं.

निवृत्त_वनकर्मचारी: वेगळी ओळखणार कशी? शेळीनं दोनदा खुडलेलं जुनं रोप नव्यापेक्षा खुजं असतं. तुम्ही कधी ओळीत उभं राहून मोजलंय का, का नुसतंच टाईप करायलाव?

चरखोद्या: मोजलंय. बुडाशी बघा. जुन्याचं बूड जाड असतं, खुडलेलं असलं तरी. चुकेल थोडं, पण अंदाज येतो. साडेचार हजार खड्डे दोन माणसं दोन दिवसांत उरकतात, नमुन्यादाखल काही ओळीच मोजू नका, सगळे मोजा. झाडांच्या जातीवार लिहा.

ग्रामसभावाला: वनहक्क कायदा २००६ खाली सामूहिक हक्काचा दावा टाका. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये जंगलावरचा हक्क मिळालाच ना.

माळकरी: दादा, गडचिरोली नाही, धारूर. गायरान आहे, वनजमीन नाही. मला अहवाल पाहिजे.

रानभाजी_ताई: भाऊ, एक विचारू का? चराई बंद केल्यावर गवत वाढलं असेल. ते कोण कापतं? किती घरांत भारा जातो? लोकसहभागाच्या रकान्यात बैठकीच्या सह्या नका जोडू, सह्या चहासोबत मिळतात. ज्यांच्या शेळ्या आधी तिथं चरायच्या त्यांनाच विचारा, त्या आता कुठं नेतात.

माळकरी: ताई, गवताचा लिलाव झाला होता. एकाच घरानं घेतलं. शेळ्यावाल्या बाया बैठकीला आल्याच नाहीत, आम्हीही बोलावलं नव्हतं.

रानभाजी_ताई: मग तेच लिहा की.

निवृत्त_वनकर्मचारी: ते लिहिलं तर पुढचा हप्ता येत नसतो, ताई.

माळकरी: आज सकाळी पहिल्या वीस ओळी फिरलो. जिवंत त्यात निम्म्याहून जास्त सीताफळच. करंज-चिंच मोजकी, तीही कुंपणाकडेला.

चरखोद्या: सीताफळाला शेळी तोंड लावत नाही. शेळ्या रात्री येतात तुमच्याकडं.

माळकरी: राखणदार ठेवलाय, हजेरीच्या मस्टरवर नाव आहे त्याचं. उद्या अंधारातच जातो. सोमवारचं बघू, चार दिवस मागून घेतो. तो नमुना कुणाकडं असला तर टाका मात्र.