उभी भिंत नसली तरी शेतघर असतं

वर एका सदस्यांनी लिहिलंय की खाण सुरू होण्याआधी त्या जागेवरच्या जुन्या शेतघरांच्या उभ्या वास्तूंची मापं आणि फोटो घेतले की पुरे. मला हे अजिबात पटत नाही. जर्मनीतल्या आल्डेनहोफेन पठाराचंच उदाहरण घ्या. लिग्नाइटची (तपकिरी कोळशाची) खाण पुढे सरकत होती, तेव्हा 1971 ते 1981 या काळात पुरातत्त्वज्ञांनी मेर्झबाख ओढ्याच्या खोऱ्याचा मोठा भाग सलग उकरून तपासला. जमिनीवर बघण्यासारखं काहीच नव्हतं. वरचा थर काढल्यावर पिवळसर लोएस मातीत (वाऱ्याने वाहून आणलेल्या बारीक मातीत) काळपट गोल डाग दिसले. सात हजार वर्षांपूर्वी कुजून गेलेल्या खांबांचे खड्डे होते ते! ओळीने जोडले की लांबलचक घराचा आराखडा उभा राहतो. लांब भिंतींलगत माती काढलेले खड्डे, त्यात फुटकी मडकी आणि जळालेले दाणे, त्यात आपल्या खपलीच्या जातीचा गहूसुद्धा. मडक्यांवरच्या नक्षीवरून घरांचा क्रम लागला आणि एकाच आवारात पिढ्यान्‌पिढ्या नवं घर बांधलं जात होतं, अशी मांडणी पुढे आली. त्यावर पुढे वाद झाले, पण वाद घालायला पुरावा तरी हातात होता. हाडं मात्र चुना निघून गेलेल्या मातीत फारशी टिकली नाहीत, त्यामुळे गुराढोरांबद्दल कमीच कळतं.

म्हणून माझा आग्रह आहे की दोन-चार अरुंद चर मारून 'काही नाही' असा शेरा देऊ नये. खांबांचे डाग चरात सुटे दिसतात, घर म्हणून ओळखू येत नाहीत. संशय आला की सलग क्षेत्र उघडावं, आणि तेही यंत्रं यायच्या बरंच आधी.