मदत हवी आहे: इटालियनमधील गौण वाक्यात क्रियापदाचा काळ आणि व्याकरणातील 'अर्थ' (म्हणजे स्वार्थ, आज्ञार्थ यांसारखा प्रकार) कसा ठरवावा?

नमस्कार. मी पुण्यात राहून इटालियन शिकत आहे आणि सिएना येथील परदेशी विद्यार्थ्यांसाठीच्या विद्यापीठाच्या 'चिल्स' या इटालियन भाषेच्या परीक्षेच्या बी-२, म्हणजे मध्यमाच्या वरच्या, पातळीची तयारी करत आहे. या परीक्षेत ऐकणे, वाचणे, लिहिणे आणि बोलणे यांच्या जोडीला भाषेच्या रचनेचा एक स्वतंत्र विभाग असतो, आणि माझी अडचण त्याच विभागाशी संबंधित आहे.

क्रियापदे चालवण्याचे तक्ते मला पाठ आहेत. 'आरे', 'एरे' आणि 'ईरे' अशा शेवटांचे तीन गण, वस्तुस्थिती सांगणाऱ्या स्वार्थाचे म्हणजे 'इंदिकातीवो'चे आठ काळ, मत किंवा इच्छा सांगताना येणाऱ्या 'कोंजुंतीवो'चे चार, संकेतार्थाचे म्हणजे 'कोंदित्सिओनाले'चे दोन आणि आज्ञार्थाचा एक, एवढे सगळे कोणत्याही नियमित धातूसाठी मी न अडखळता लिहू शकते. अनियमित धातूंपैकी 'एस्सेरे', 'आवेरे', 'आंदारे', 'वेनीरे', 'फारे' यांसारखे नेहमीचे धातूही हातात बसले आहेत. प्रश्न रूपे तयार करण्याचा नाही, तर एका वाक्याच्या पोटात दुसरे वाक्य आले की त्या आतल्या वाक्यात यांपैकी कोणते रूप घालायचे, याचा निर्णय घेण्याचा आहे.

मराठीभाषकाला या भाषेत काही गोष्टी विनासायास मिळतात, हे मला प्रथम नमूद करावेसे वाटते. 'सारान्नो ले ऑत्तो' याचा अर्थ 'आठ वाजले असतील' असा होतो, आणि भविष्यकाळाचे रूप अंदाजासाठी वापरण्याची ही पद्धत आपल्याकडेही असल्यामुळे ती कोणी समजावून सांगावी लागत नाही. 'मी प्याच्चोनो ई लीब्री' या वाक्यात क्रियापद 'मला'कडे न बघता पुस्तकांकडे बघते, तेही 'मला पुस्तके आवडतात' म्हणणाऱ्याला नवे नाही. 'इंपेर्फेत्तो' या अपूर्ण भूतकाळाबद्दलही तेच म्हणता येईल. आपल्या जुन्या गोष्टींत 'राजा रोज शिकारीला जाई' असे जे रूप येते आणि बोलताना आपण 'जायचा' किंवा 'जात असे' म्हणतो, ते मनात धरले की 'आंदावा' कोठे येणार याचा अंदाज बहुधा बरोबर ठरतो. इंग्रजीतून इटालियन शिकवणाऱ्या पुस्तकांत या मुद्द्यांवर पानेच्या पाने खर्च झालेली दिसतात.

खरी अडचण 'की'पासून सुरू होते. मराठीत आपण 'तो म्हणाला की मी उद्या येईन' असे म्हणतो. बोलणाऱ्याचे मूळ शब्द, मूळ काळ आणि बऱ्याचदा मूळ पुरुषही तसाच राहतो, आणि मुख्य क्रियापद भूतकाळात गेले म्हणून आतल्या क्रियापदाला काहीच होत नाही. इटालियनमध्ये मात्र 'दीचे के वेर्रा', म्हणजे 'तो म्हणतो की येईल', या वाक्यातील 'दीचे'चे 'आ देत्तो' केले की 'वेर्रा'चे 'सारेब्बे वेनूतो' करावे लागते. येथे इंग्रजीचा आधार घ्यावा तर तो आणखी दिशाभूल करतो, कारण इंग्रजीत अशा ठिकाणी संकेतार्थाचे साधे रूप येते आणि त्या वळणाने 'वेर्रेब्बे' लिहावेसे वाटते, तर इटालियनला तेथे संयुक्त रूप हवे असते. जे अजून घडायचे आहे त्यासाठी घडून गेल्यासारखे दिसणारे रूप का घ्यावे, हे मला कोणत्याही पुस्तकात समाधानकारक रीतीने सांगितलेले आढळले नाही.

संकेतार्थाच्या वाक्यांतही असाच पेच येतो. 'वेळ असता तर मी आले असते' हे वाक्य आज संध्याकाळचे निमंत्रण नाकारतानाही चालते आणि गेल्या वर्षीच्या लग्नाबद्दल बोलतानाही चालते. इटालियन या दोन प्रसंगांत स्पष्ट भेद करते: आजच्यासाठी 'से आवेस्सी तेंपो, वेर्रेई', आणि गेल्या वर्षीसाठी 'से आवेस्सी आवूतो तेंपो, सारेई वेनूता'. मराठीत विचार करताना हा भेद मनात उमटतच नाही, त्यामुळे लिहिताना दर वेळी थांबून 'हे कधीचे?' असे स्वतःला विचारावे लागते.

जाणकारांना माझी विनंती अशी आहे की, मुख्य क्रियापद भूतकाळात असताना गौण वाक्यातील रूप ठरवण्याची एखादी अशी विचारपद्धत सांगावी, जी तक्त्याकडे न बघता बोलतानाही वापरता येईल. 'मला वाटते', 'मला वाटत होते', 'मला हवे होते' आणि 'तो म्हणाला' या चार प्रकारच्या मुख्य क्रियापदांमुळे उत्तर बदलते का, तेही कृपया स्पष्ट करावे.

प्रतिसाद

मी अनेक वर्षे इटलीतील बोलोन्यात राहत आहे आणि येथे नव्याने येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना भाषेसाठी मदत करतो. आपण प्रश्न योग्य जागी आणून ठेवला आहे. इटालियन व्याकरणात याला 'कोंकोर्दान्त्सा देई तेंपी', म्हणजे काळांची परस्पर संगती, असे म्हणतात, आणि माझ्या मते तक्ते पाठ करण्याच्या आधीच तिची ओळख करून द्यायला हवी.

गौण वाक्याला स्वतःचा काळ नसतो, असे धरून चालावे. त्यातील रूप फक्त एवढेच सांगते की आतली घटना मुख्य क्रियापदाच्या आधीची आहे, त्याच वेळची आहे की नंतरची आहे. म्हणून प्रत्येक वेळी दोन निर्णय घ्यायचे. पहिला निर्णय अर्थाचा: मुख्य क्रियापद वस्तुस्थिती सांगणारे असेल, जसे म्हणणे, कळणे, पाहणे, तर आत स्वार्थ येतो, मत, आशा, भीती किंवा इच्छा सांगणारे असेल तर 'कोंजुंतीवो' येतो. दुसरा निर्णय आधी, त्याच वेळी आणि नंतर यांमधला.

आपलेच उदाहरण घेऊ. 'पेंसो के सीया मालाता', म्हणजे ती आजारी आहे असे मला वाटते. मुख्य क्रियापद मागे नेले की 'पेंसावो के फोस्से मालाता', कारण आजारपण वाटण्याच्याच वेळचे आहे. ती त्याआधी आजारी होऊन गेली असेल तर 'पेंसावो के फोस्से स्ताता मालाता'. आणि ती पुढे येईल असे वाटत होते, तर 'पेंसावो के सारेब्बे वेनूता'. म्हणण्याच्या बाबतीत पहिल्या दोन जागी फक्त व्याकरणातील अर्थ बदलतो, म्हणजे 'कोंजुंतीवो'ऐवजी स्वार्थ येतो: 'आ देत्तो के एरा मालाता' आणि 'आ देत्तो के एरा स्ताता मालाता'. तिसरी जागा मात्र दोन्हीकडे सारखीच राहते.

ही तिसरी जागा अशी का, याचे उत्तर या रूपाच्या जन्मात आहे. इटालियनचा भविष्यकाळ हा लॅटिनमधील मूळ धातुरूप आणि 'असणे-बाळगणे' या अर्थाच्या क्रियापदाचा वर्तमानकाळ एकत्र येऊन झाला. संकेतार्थ त्याच क्रियापदाच्या भूतकाळापासून झाला. म्हणजे एक 'करायचे आहे' आणि दुसरे 'करायचे होते'. म्हणूनच 'वेर्रो' आणि 'वेर्रेई', 'आंद्रो' आणि 'आंद्रेई', 'साप्रो' आणि 'साप्रेई' यांचा पाया एकच आहे, आणि एक पाया लक्षात ठेवला की दोन्ही काळ हाती येतात. भूतकाळातून पाहिलेले भविष्य संकेतार्थाकडे जाणे हे त्यामुळे स्वाभाविकच आहे. एकोणिसाव्या शतकातील लेखनात तेथे साधे रूपही आढळते, म्हणजे 'वेर्रेब्बे'. आजच्या भाषेने मात्र साधे रूप आता किंवा पुढे शक्य असलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवले आणि भूतकाळातून बघितलेल्या भविष्याला संयुक्त रूप दिले. तो माणूस नंतर प्रत्यक्ष आला की नाही, याबद्दल 'सारेब्बे वेनूतो' काहीच सांगत नाही, हे कायम ध्यानात ठेवावे.

आपल्या चार प्रकारांपैकी 'मला हवे होते' हाच खरा वेगळा आहे. इच्छेच्या क्रियापदानंतर घटना पुढची असली तरी संकेतार्थ येत नाही. 'वोल्यो के तू वेन्गा', म्हणजे तू यावेस अशी माझी इच्छा आहे, याचे मागे नेलेले रूप 'वोलेवो के तू वेनिस्सी' असे होते, आणि विनयाने बोलताना 'वोर्रेई के तू वेनिस्सी' असेच म्हणतात, जरी इच्छा आत्ताची असली तरी. आणखी एक गोष्ट मराठीभाषकांसाठी महत्त्वाची आहे: इच्छा किंवा आशा सांगणाऱ्या क्रियापदानंतर दोन्ही वाक्यांचा कर्ता एकच असेल तर 'के' (म्हणजे 'की') लावूच नये. 'मी येईन अशी आशा आहे' यासाठी 'स्पेरो दी वेनीरे' म्हणावे.

येथील रोजच्या बोलण्यात 'से लो सापेवो, नोन वेनीवो' ('मला माहीत असते तर मी आलो नसतो') असे, म्हणजे दोन्हीकडे 'इंपेर्फेत्तो' घालून केलेले संकेताचे वाक्य, आपल्या कानावर पडेल. ते समजून घ्यावे, परीक्षेत लिहू नये. तसेच 'पास्सातो रेमोतो'ची, म्हणजे दूरच्या भूतकाळाच्या साध्या रूपाची, भीती बाळगू नका. उत्तरेत बोलताना लोक फार जुन्या घटनेसाठीही 'पास्सातो प्रॉस्सिमो', म्हणजे 'आ देत्तो'सारखे संयुक्त भूतकाळाचे रूप, वापरतात, सिसिलीत आणि दक्षिणेच्या बऱ्याच भागांत 'पास्सातो रेमोतो' जिभेवर असते. वाचनापुरती ओळख बी-२साठी पुरेशी आहे.

सरावासाठी एकच सुचवतो. एखाद्या मराठी बातमीतील 'म्हणाले की' असलेली वाक्ये घ्या, ती आधी 'दीचे के' लावून लिहा आणि मग 'आ देत्तो के' लावून. दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवल्या की संगती डोळ्यांना दिसू लागते.

मूळ प्रश्नकर्ती

आपले मनापासून आभार. 'आधी, त्याच वेळी, नंतर' ही कसोटी लावून मी पुढील वाक्य तयार केले आहे. मराठी वाक्य असे: 'तिने मला वचन दिले होते की तू निघण्यापूर्वी मी तुला फोन करेन.' त्याचे इटालियन: 'मी आवेवा प्रोमेस्सो के मी आव्रेब्बे तेलेफोनातो प्रीमा के इओ पार्तिस्सी.' फोन वचनाच्या नंतरचा असल्यामुळे संकेतार्थाचे संयुक्त रूप घेतले आणि 'प्रीमा के' नंतर 'कोंजुंतीवो' लागतो म्हणून 'पार्तिस्सी'. येथे 'इओ' हे सर्वनाम ठेवावे की गाळावे, याबद्दल मात्र मला शंका आहे, कारण इटालियनमध्ये कर्ता सहसा गाळतात.

प्रतिसाद

वाक्य पूर्णपणे बरोबर आहे, आणि सर्वनाम ठेवलेलेच चांगले. 'कोंजुंतीवो'च्या 'इंपेर्फेत्तो'त 'मी' आणि 'तू' यांची रूपे सारखीच असतात, त्यामुळे 'पार्तिस्सी' एकटे ठेवले तर निघणारे कोण, हे केवळ संदर्भावरूनच ठरवावे लागेल. वर्तमानात तर 'मी', 'तू' आणि 'तो' या तिघांचे रूप एकच होते, म्हणून तेथेही 'के इओ पार्ता', 'के तू पार्ता' असे लिहिण्याची सवय ठेवा. 'दोपो के' म्हणजे 'नंतर' याच्या पुढे मात्र स्वार्थच येतो, कारण ती घटना घडून गेलेली असते. आणि कर्ता एकच असेल तर 'प्रीमा दी पार्तीरे' आणि 'दोपो एस्सेरे पार्तीता' एवढ्यानेच काम होते, अगदी आपल्या 'निघण्यापूर्वी' आणि 'निघाल्यावर'सारखे.