'इमर्सिव्ह'ला मराठीत काय म्हणावं?

एका लेखाचं मुद्रितशोधन करतेय. विषय हेडसेट लावून खेळायचे खेळ. लेखकाने 'इमर्सिव्ह'साठी 'निमज्जक' लिहिलंय. व्युत्पत्तीने चूक नाही. इमर्शनमागचा लॅटिन 'मेर्गेरे' आणि आपला 'मज्ज्' धातू एकाच मुळातले. पण वाचणाऱ्याला ते कळायला हवं ना. 'विसर्जन' पुण्यात तरी नकोच, अनंत चतुर्दशीच आठवणार. शिवाय विसर्जनात सोडून देणं आहे, बुडून राहणं नाही.

मी 'तल्लीन करणारे' करणार होते. पण रविवारी कोथरूडला ताईकडे गेले, तेव्हा भाचा हेडसेट लावून खोलीच्या मधोमध उभा होता. ताईने पोह्यांची बशी ठेवली, दोन हाका मारल्या, शेवटी खांद्याला हात लावला. पोरगं किंचाळलंच. हेडसेट काढला तर नाकावर लाल वळ. म्हणाला, "अगं, मी आत होतो ना!"

टीव्ही आपण 'बघतो', गेम 'खेळतो'. 'आत' कोणी नसायचं. तेव्हापासून 'तल्लीन' लिहायला हात धजत नाही. सुचवा.

प्रतिसाद १
तल्लीन नकोच. तत् अधिक लीन, आणि लीन होणारा माणूस स्वतः होतो. सवाईत बसलेल्या श्रोत्याचा हात मांडीवर ताल धरतो, समेवर शेजारच्या अनोळखी माणसाची मानही त्याच्याबरोबर हलते. हेडसेटमध्ये उलट आहे. मान वळवली की चित्रही तेवढंच वळतं, आणि मेंदूला ते पटतं. डोळे म्हणतात पळतोयस, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो उभा आहेस. अनेकांना मळमळतं ते यामुळेच. संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँड यांचं १९६८चं डोक्याला लावायचं यंत्र छताला टांगलेलं होतं आणि त्यात नुसत्या रेघांच्या आकृत्या दिसत. त्यात कोणी हरवण्याची भीती नव्हती. आता आहे. म्हणून 'गुंगवणारे' म्हणा. गुंगवतं कोण, हा प्रश्न त्या क्रियापदातच आहे.

प्रतिसाद २
'गुंगवणारे' मलाही पटतं, पण त्यातली गुंगी वाईटच असं धरू नका. मी जळीत रुग्णांच्या वॉर्डात अकरा वर्षं काढली. पट्टी सोडवताना लहान मूल माझं मनगट असं धरायचं की रात्री घरी गेल्यावरही तिथे नखांच्या खुणा असायच्या. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच रुग्णांसाठी 'स्नोवर्ल्ड' नावाचा हेडसेटवरचा खेळ तयार केला: पट्टी बदलताना रुग्ण बर्फाच्या दरीतून जातो, बर्फाचे गोळे फेकतो. लक्ष तिकडे गुंतलं की दुखणं कमी जाणवतं. आमच्या वॉर्डात हे असतं तर, असं फार वाटतं.

फक्त एक. गुंगीचं औषध देणारा माणूस उशाशी बसून राहतो. मात्रा मोजतो, नाडी बघतो, शुद्धीवर आणूनच उठतो. तुमच्या भाच्याच्या खोलीत ते काम कोणाचं? खेळ बनवणाऱ्याला तर त्याने आतच राहावं असं वाटतं.

मूळ धागालेखिका
'गुंगवणारे' घेतलं. लेखाच्या शेवटी एक चौकट आहे, तिथे 'दर अर्ध्या तासाने ब्रेक घ्या' असं होतं. त्याजागी 'दर अर्ध्या तासाने भानावर या' केलंय. हेडसेट काढण्याला 'भानावर येणे' चालेल ना? ताईला वाचून दाखवलं, ती म्हणाली, "चालेल, पण 'या' नको, 'आणा' लिही."