प्रणयदृश्ये लांबली म्हणजे रुखरुख गडद होते का?

अर्धविराम (प्रश्न):
गमावलेल्या प्रेमाविषयीचे काही कलात्मक चित्रपट मी अलीकडे सलग पाहिले. नायक जुन्या प्रेयसीच्या आठवणीने झुरतो, कथा एवढीच. पण बराचसा वेळ प्रणयदृश्यांनाच दिलेला असतो. ही दृश्ये पश्चात्तापाचा भाग मानावीत, की प्रेक्षक खेचण्यासाठी घातलेला मसाला? प्रश्न सोवळेपणातून विचारलेला नाही. मला ती दृश्ये खटकली नाहीत, कंटाळवाणी वाटली, आणि विरहाच्या कथेत कंटाळा यावा हे मला अधिक गंभीर वाटते.

कात्री:
दृश्य किती लांब आहे यापेक्षा ते कुठे तोडले आहे ते पाहावे. आलँ रेने यांच्या १९५९ च्या ‘हिरोशिमा मोन आमूर’ची सुरुवातच मिठीतल्या दोन देहांनी होते, चेहरे दिसत नाहीत, दिसते ती उघडी त्वचा, तिच्यावर आधी राखेसारखी धूळ आणि मग घाम. पण खरा घाव पुढे बसतो. सकाळी फ्रेंच नायिका झोपलेल्या जपानी प्रियकराकडे पाहत उभी असते, त्याचा हात झोपेतच किंचित हलतो, आणि निमिषभर दुसराच एक हात दिसून जातो: युद्धकाळात नव्हेर गावी गोळी लागून मरणाऱ्या तिच्या जर्मन प्रियकराचा. हा तुकडा इतका आखूड आहे की पहिल्यांदा पाहताना मला डोळ्यांना चकवा झाल्यासारखे वाटले होते. ती कहाणी नायिका बऱ्याच उशिरा सांगते. आधीची जवळीक आपण पाहिली नसती, तर मधल्या काळात तो हात आपल्या लक्षात राहिला नसता.

मागची रांग:
सहमत. निकोलस रोग यांच्या ‘डोन्ट लुक नाऊ’ (१९७३) मध्ये मुलगी गमावलेल्या दांपत्याचे प्रणयदृश्य आणि त्यानंतर दोघांनी बाहेर जाण्यासाठी कपडे चढवणे, हे एकमेकांत गुंफलेले आहे. त्यामुळे क्षण सरण्याआधीच त्याची आठवण झालेली असते. नुसता कॅमेरा रोखून बसणाऱ्या दिग्दर्शकांना हे साधत नाही. अशा वेळी मीसुद्धा घड्याळ पाहतो.

कोरा पडदा:
थोडा मतभेद नोंदवतो. वाँग कार-वाय यांनी ‘इन द मूड फॉर लव्ह’ (२०००) साठी प्रणयदृश्य चित्रित केले होते, पण अंतिम चित्रपटातून ते वगळले. अरुंद जिन्यावर एकमेकांना ओलांडून जाणारे दोन शेजारी, एवढ्यावरच तिथला सारा शृंगार उभा आहे. अर्थात, यावरून न दाखवणेच श्रेष्ठ असा नियम मी करणार नाही, कारण दोन्ही ठिकाणची रुखरुख वेगळ्या जातीची आहे. वाँग यांच्या पात्रांना जे घडलेच नाही ते सलते. रेने यांच्या नायिकेला, जे घडले ते आपण विसरत चाललो आहोत, याची धास्ती वाटते. विसरण्याची धास्ती दाखवायची, तर मुळात देह दाखवावाच लागतो.

अर्धविराम:
मग माझ्या कंटाळ्याचे कारण सापडले असे वाटते. मी पाहिलेल्या चित्रपटांत आठवण दर वेळी तेवढीच ताजी आणि उजळ होती, वर्षे लोटूनही ती कुठे विरलेली नव्हती, आणि नायक मात्र सर्व काही हरवल्याचे सांगत होता. ‘हिरोशिमा’ पूर्वी एकदा पाहिला आहे, पण तो हात मला आठवत नाही. या रविवारी पुन्हा पाहीन.