ठाणेदारांचा महाभियोग ठराव: खासदारांमध्ये दम नाही की आकडेच नाहीत?

डेट्रॉइटकर (धागाकर्ता)

आमच्या इथले खासदार श्री ठाणेदार, बेळगावात वाढलेला आपला मराठी माणूस, यांनी एप्रिल 2025 मध्ये ट्रम्पविरुद्ध महाभियोगाची 7 कलमं (म्हणजे आरोप) मांडली तेव्हा मला खरंच अभिमान वाटला. मे महिन्यात म्हणाले की सभागृहाला यावर मतदान घ्यायलाच लावणार, आणि दुसऱ्याच दिवशी माघार घेतली, कारण त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचे नेते सोबत नव्हते. मग जूनमध्ये काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, न विचारता इराणवर बॉम्ब टाकले म्हणून टेक्सासचे अल ग्रीन यांनी ठराव आणला, तर तो 344 विरुद्ध 79 असा बाजूला सारला गेला, आणि त्या 344 मध्ये 128 डेमोक्रॅट्स होते! विरोधी पक्षालाच चर्चा नको असेल तर राज्यघटनेतलं हे कलम ठेवलंय कशाला? माझं स्पष्ट मत आहे, हरलो तरी चालेल पण मतदान व्हायला हवं, कोण कुठे उभं होतं ते कागदावर राहू दे.

आकडेमोड

साहेब, भावना समजते पण हिशोब बघा ना. हाऊसमध्ये, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात, साधं बहुमत लागतं, तेच आत्ता ट्रम्पच्या रिपब्लिकन पक्षाकडे आहे. पुढे सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, दोन तृतीयांश म्हणजे 100 पैकी 67. आजवर तीन राष्ट्राध्यक्षांवर मिळून चार वेळा महाभियोग झाला आणि सिनेटने एकालाही काढलं नाही. 1868 मध्ये अँड्र्यू जॉन्सन 35 विरुद्ध 19 असा वाचला, फक्त एका मताने. क्लिंटनच्या वेळी तर उलटंच झालं, चौकशीचा धुरळा उडालेला असताना नोव्हेंबर 1998 च्या निवडणुकीत रिपब्लिकनांच्याच जागा कमी झाल्या आणि क्लिंटनची लोकप्रियता वाढली. हरणारं मतदान घेतलं की समोरचा 'मी निर्दोष सुटलो' म्हणून गावभर सांगत फिरतो. आणि एक सांगतो, राग मानू नका, ठाणेदारांना 2026 च्या प्रायमरीत (उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीत) पक्षातूनच स्पर्धक उभे आहेत. मग हा ठराव तत्त्वासाठी होता की मतदारसंघासाठी?

डेट्रॉइटकर

@आकडेमोड, हेतू काहीही असो, कलमं खरी की खोटी ते सांगा. आणि आकडे आधी असतात कुठे हो? वॉटरगेट प्रकरणात राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या वेळी सुरुवातीला कुठे होते? सिनेटच्या समितीची सुनावणी लोकांनी टीव्हीवर बघितली, निक्सनच्या संभाषणांच्या टेप बाहेर आल्या, जुलै 1974 मध्ये हाऊसच्या ज्युडिशिअरी कमिटीने महाभियोगाची तीन कलमं मंजूर केली, आणि मग 7 ऑगस्टला सिनेटर गोल्डवॉटरसारखा निक्सनच्याच पक्षाचा कट्टर रिपब्लिकन व्हाइट हाऊसमध्ये जाऊन निक्सनला सांगतो की सिनेटमध्ये तुमच्या बाजूने फारसं कोणी उरलेलं नाही. दोन दिवसांत माणूस पायउतार. चौकशीच केली नसती तर ते आकडे कधीच जमले नसते.

आकडेमोड

1974 मध्ये चौकशी करणारं हाऊस डेमोक्रॅट्सच्या हातात होतं, समन्स काढायची ताकद होती. आज त्यातलं काहीच नाही हो. आधी हाऊस जिंका, मग चौकशी, मग महाभियोग. घोड्याच्या पुढे गाडी लावून कसं चालेल?

सोलवासी

मी गेली सहा वर्षं दक्षिण कोरियात आहे म्हणून लिहिते. 3 डिसेंबर 2024 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी मार्शल लॉ (लष्करी राजवट) लावला, खासदार कुंपणावरून उड्या मारून संसदेत शिरले आणि 190 विरुद्ध 0 मतांनी तो उठवायला लावला. पण चारच दिवसांनी महाभियोगाचं मतदान आलं तेव्हा सत्ताधारी पक्ष जवळजवळ सगळाच्या सगळा बाहेर निघून गेला. 200 लागत होते, 195 च जमले, ठराव पडला. त्या रात्री मी संसदेबाहेर होते, इतकी थंडी की बोटं वळत नव्हती, आणि शेजारची म्हातारी आजी रडत होती. पण लोक परत परत येत राहिले. 14 तारखेला पुन्हा मतदान, 204 मतं! एका आठवड्यात तेच खासदार, तीच संसद. पुढे 4 एप्रिलला घटना न्यायालयाने 8-0 ने शिक्कामोर्तब केलं.

आता मुद्द्याची गोष्ट. इथे महाभियोगाचं मतदान गुप्त असतं. सत्ताधारी पक्षातल्या डझनभर लोकांनी बाजूने मत दिलं असा हिशोब निघतो, पण नेमकं कोणी ते अधिकृतपणे कोणालाच माहीत नाही. डेट्रॉइटकर दादा, तुम्ही म्हणता नावं कागदावर यायला हवीत, मला वाटतं तुमच्याकडे नेमकी तीच अडचण आहे.

बाररूम

सोलवासी ताईंशी मी अजिबात सहमत नाही. गुप्त मतदान म्हणजे पळवाट, माझ्या खासदाराने काय केलं ते मला कळलंच पाहिजे. आपलंच भारताचं उदाहरण घ्या, सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना काढण्याचा ठराव, 1993. न्या. पी. बी. सावंतांच्या समितीने 14 पैकी 11 आरोप सिद्ध धरले होते. लोकसभेत बाजूने 196, विरोधात एकही नाही, आणि काँग्रेससकट 205 जण तटस्थ! ठराव पडला. उघड मतदान होतं म्हणून तर तीस वर्षांनंतरही आपण विचारू शकतो की तुम्ही गप्प का बसलात.

सोलवासी

विचारू शकतो, मान्य. पण विचारून कोणाचं काय बिघडलं?

डेट्रॉइटकर

ताई, मी दोन दिवस यावर विचार करतोय. 6 जानेवारी 2021 ला संसदेवर हल्ला झाला, त्यानंतरच्या महाभियोगात 10 रिपब्लिकनांनी हाऊसमध्ये ट्रम्पविरुद्ध मत दिलं. चौघांनी पुढे निवडणूकच लढवली नाही, चौघे प्रायमरीत पडले, लिझ चेनीसारखी मोठं नाव असलेली बाई सुद्धा, उरले फक्त दोन. सिनेटमध्ये 57-43, दहा मतं कमी. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मॅककॉनेलनी सुटकेच्या बाजूने मत दिलं आणि लगेच उभं राहून म्हणाले की त्या हल्ल्याच्या दिवसाला ट्रम्पच जबाबदार आहेत. म्हणजे कळत होतं, पण वळत नव्हतं. त्या दिवशी मतपेटी गुप्त असती तर काय झालं असतं हा विचार डोक्यातून जात नाहीये.

तरी सुद्धा बाररूम म्हणतात ते सोडवत नाही. त्या दहा जणांची नावं मला माहीत आहेत म्हणून मी त्यांना मान देतो, गुप्त असतं तर कोणाला दिला असता? ठाणेदारांच्या ऑफिसला उद्या फोन करणार आहे, ठराव पुन्हा मांडा आणि या वेळी मागे घेऊ नका म्हणून.

आकडेमोड

जरूर करा. पण शेजारच्या राज्यात एखादा रिपब्लिकन सिनेटर असेल तर तिथल्या ओळखीच्यांना आधी फोन करायला सांगा. तुमचे ठाणेदार तयारच आहेत, 67 व्या माणसाचं मन तिकडे वळायचंय.