यान दे रेश्के यांचे गाणे आज कसे ऐकावे?

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): सप्रेम नमस्कार. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्क गाजवणारे वॉर्साचे टेनर (उंच पुरुषी आवाजाचे ऑपेरागायक) यान दे रेश्के यांच्याविषयी पुष्कळ वाचले आणि त्यांचे १९०१ सालचे ध्वनिमुद्रण मिळवून ऐकले. परंतु खरखरीतून आवाज जेमतेम डोकावतो. एवढ्यावरून त्यांची थोरवी कशी जाणावी? त्या पिढीतील कोणते पोलिश गायक आज नीट ऐकता येतात?

उत्तर १ (वडोदरा): मेट्रोपॉलिटन ऑपेराचे ग्रंथपाल लायोनेल मेपलसन यांनी चालू प्रयोगातच मेणाच्या नळकांड्यांवर ही मुद्रणे केली. गायक कर्ण्यापासून दूर आणि मध्ये सगळा वाद्यवृंद, त्यामुळे आवाज असा विरळ उतरला. तरीही 'लाफ्रिकेन' या ऑपेरातील वास्को द गामाचे गाणे हेडफोन लावून पुन्हा ऐकावे. टिपेच्या स्वराला आवाज खरखरीच्या वर उठतो आणि तिथे ठाम उभा राहतो. १८७४ मध्ये व्हेनिसला बॅरिटोन (मध्यम पट्टीचा पुरुषी आवाज) म्हणून रंगमंचावर आलेला हा गायक पुढे टेनर झाला, हे मला विलक्षण वाटते. १८८५ मध्ये फ्रेंच संगीतकार मासने यांच्या 'ल सीद' या ऑपेराच्या पहिल्या प्रयोगात नायक यान आणि नायकाचे वडील त्यांचेच धाकटे बंधू एदुआर्द होते. बहीण जोसेफिन यांनी तर १८७७ मध्ये त्याच संगीतकाराच्या 'लाहोरचा राजा'मध्ये सीतेची भूमिका प्रथम गायली होती.

उत्तर २ (इंदूर): आरंभ मार्चेला सेंब्रिख यांच्यापासून करावा, असे मी आग्रहाने सांगेन. तेव्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात असलेल्या गॅलिशिया प्रांतात १८५८ मध्ये जन्मलेल्या या गायिकेने व्हायोलिन आणि पियानोचे रीतसर शिक्षण घेतले होते, आणि मैफलीच्या शेवटी त्या शोपँचे पोलिश गीत स्वतः पियानोवर साथ करत गात. १९०३ पासूनच्या त्यांच्या तबकड्यांत द्रुत स्वरपंक्तीतला प्रत्येक स्वर सुटा आणि सुरेल ऐकू येतो. एदुआर्द यांच्याही त्याच वर्षीच्या तीन तबकड्या आहेत; 'मार्ता' या ऑपेरातील गीत ऐकल्यास खर्जाचा भरदारपणा कळेल, जरी तोवर त्यांचा उमेदीचा काळ सरला होता.

उत्तर ३ (ग्वाल्हेर): हद्दूखाँसाहेबांची गायकी आपण शिष्यपरंपरेवरूनच जाणतो, यान यांच्या बाबतीतही तो मार्ग खुला आहे. त्यांच्या शिष्या मॅगी टेट यांनी १९३६ मध्ये कोर्तो यांच्या पियानोसह देब्युसीची गीते मुद्रित केली. त्यांवरून गुरूच्या आवाजाची जात कळणार नाही, हे खरे. पण फ्रेंच शब्द जराही न चेपता सूर अखंड कसा ठेवावा, ही शिकवण तिथे स्पष्ट ऐकू येते.