एफसी घ्यावी की आरएक्स-८? जुन्या रोटरी मॅझ्दाबाबत सल्ला हवा आहे

साताऱ्याचा चालक (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया)

नमस्कार मंडळी. दोन वर्षे शोध घेतल्यावर मी दोन गाड्यांपाशी येऊन थांबलो आहे आणि आता निर्णय होत नाही, म्हणून हा धागा काढत आहे.

पहिली गाडी १९८८ची आरएक्स-७, म्हणजे दुसऱ्या पिढीची एफसी, टर्बो नसलेली, पाच गिअरची. ती १,३२,००० मैल चालली आहे. सहा वर्षांपूर्वी इंजिन नव्याने बांधून घेतल्याचे मालक सांगतो, पण त्याची एकही पावती त्याच्याकडे नाही आणि छताचा रंग उन्हाने उडाला आहे. दुसरी २००९ची आरएक्स-८, सहा गिअरची, ७१,००० मैल चाललेली. तिचा मालक पहिल्यापासून एकच आहे, प्रत्येक ऑइल बदलाची पावती फायलीत तारखेनुसार लावलेली आहे आणि गाडी शोरूममधून कालच बाहेर काढल्यासारखी दिसते. दोघांच्या किमतीत फारसा फरक नाही. मन एफसीकडे ओढते, पण फाइल पाहिली की आरएक्स-८ घ्यावीशी वाटते.

ब्रेक पॅड, प्लग, रेडिएटर अशी कामे मी घरी करतो. इंजिन मात्र कधी उघडलेले नाही. कामावर जायला दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही दोन महिने उभी राहिली तरी अडणार नाही. सध्या वडील साताऱ्याहून आले आहेत. या रोटरी इंजिनात पिस्टन नसतो, त्याच्या जागी तिकोनी रोटर फिरतो, हे त्यांना मी तीनदा सांगितले, तरी ते पटलेले नाही. घेण्यापूर्वी नेमके काय तपासावे, आणि तुमच्या मते कोणती घ्यावी?

तेलकट बाही (न्यू जर्सी)

रंग आणि फाइल तूर्त बाजूला ठेवा आणि दोन्ही गाड्यांचे कॉम्प्रेशन (इंजिनात कोंडलेल्या हवेचा दाब) रोटरीसाठी बनवलेल्या यंत्राने मोजून घ्या, कारण रोटरी घेताना पहिला प्रश्न हाच असतो आणि बाकीचे सगळे त्यानंतर येते.

साध्या गेजने का चालत नाही, ते नीट समजून घ्या. रोटरला तीन बाजू असतात आणि त्या तिन्ही एकाच प्लगच्या छिद्रासमोरून आळीपाळीने जातात. साध्या गेजमधला व्हॉल्व्ह सर्वांत जास्त दाब धरून ठेवतो. त्यामुळे एक बाजू धडधाकट आणि दोन मेलेल्या असल्या, तरी काटा धडधाकट बाजूचाच आकडा दाखवतो. माझी पहिली एफसी मी अशाच आकड्यावर विश्वास ठेवून घेतली होती. ज्या गॅरेजने तपासणी केली तिथल्या माणसाने मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, की इंजिन उत्तम आहे. पाच महिन्यांत इंजिन बसले. रोटरीचे यंत्र तिन्ही बाजूंचे वेगवेगळे आकडे देते आणि स्टार्टरने इंजिन मिनिटाला किती फेरे फिरत होते तेही नोंदवते, कारण बॅटरी दमदार असेल तर आकडे फुगतात. म्हणून सर्व आकडे २५० फेऱ्यांच्या हिशेबात आणून मगच तुलना करायची. इंजिन पूर्ण तापलेले असावे आणि एक्सिलरेटर पूर्ण दाबलेला असावा.

मॅझ्दाच्या पुस्तकाप्रमाणे एफसीच्या १३बी इंजिनाची किमान मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला ६.० किलो आहे आणि आरएक्स-८च्या रेनेसिसची ६.९. एकाच रोटरच्या बाजूंमध्ये दीड किलोहून जास्त फरक नसावा.

यंत्र मिळेपर्यंत एक सोपी परीक्षा करा. गाडी अर्धा तास चालवा, बंद करा, दहा मिनिटे थांबा आणि पुन्हा सेल्फ मारा. दमलेले रोटरी इंजिन थंड असताना मुकाट्याने सुरू होते आणि गरम असताना रडते. विक्रेता तुम्हाला नेहमी थंड गाडी सुरू करून दाखवील.

दख्खनी रोटर (मेलबर्न)

वरील सर्व मान्य आहे. एफसीबद्दल काही गोष्टींची भर घालतो.

इंजिन चांगले असूनही ही गाडी जळू शकते, आणि त्याला कारण असते इंधनाच्या नळीवरील पल्सेशन डँपर नावाची एक लहानशी डबी. इंजेक्टरांमुळे इंधनाच्या दाबाला जे हिसके बसतात ते शोषून घेण्यासाठी ती असते. इतक्या वर्षांत तिच्यातला पडदा फाटतो आणि पेट्रोल थेट गरम इंजिनावर ठिबकते. बॉनेट उघडून नुसते डोळ्यांनी पाहू नका, नाक खाली नेऊन वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर गाडी तिथून चालवत नेऊ नका, टो करून न्या.

दुसरी गोष्ट तेलाची. रोटरी इंजिन तेल पिते ते बिघाडामुळे नव्हे, तर तशी रचनाच आहे म्हणून. रोटरच्या टोकांवरच्या अपेक्स सीलना वंगण मिळावे यासाठी एक लहान पंप इंजिनातलेच तेल थोडेथोडे आत सोडत असतो. १९८८च्या एफसीत हा पंप यांत्रिक आहे, १९८९पासून तो इलेक्ट्रॉनिक झाला. पंप सहसा टिकतो. तेल नेणाऱ्या प्लॅस्टिकच्या बारीक नळ्या मात्र बिस्किटासारख्या ठिसूळ होतात आणि हात लागताच तुटतात. मालकाने अभिमानाने सांगितले की माझी गाडी तेल अजिबात खात नाही, तर ती चिंतेची बाब समजा. शक्यता अशी असते की पंप बंद आहे आणि सील कोरडी घासत आहेत. पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळण्याची पद्धत याच भीतीतून आली. पंप काढून टाकला असेल तर गॅलनला एक औंस आणि चालू असेल तर अर्धा औंस, असे बहुतेक जण मिसळतात. आपल्याकडे पेट्रोल पंपावर चेतक स्कूटरमध्ये टूटी तेल टाकायचे तसेच हे काम आहे, प्रमाण मात्र बरेच कमी. (इंजिनात सिंथेटिक तेल घालावे की साधे, हा वाद कृपया इथे कोणी सुरू करू नये.)

तिसरी गोष्ट कूलंटची. रोटर हाउसिंग, म्हणजे रोटर ज्यात फिरतो ते कवच, ॲल्युमिनियमचे, दोन्ही बाजूंच्या प्लेट बिडाच्या, आणि त्यांच्यामध्ये रबरी सील. गाडी एकदा जरी अति तापली, तरी हे सील जायला तेवढे पुरते. सकाळी थंड इंजिनावर रेडिएटरचे झाकण काढून गाडी सुरू करा आणि पाच मिनिटे पाण्याकडे पाहत राहा. बुडबुडे थांबेनात, किंवा सुरू करताच पांढरा गोडसर वासाचा धूर आला, तर कॉम्प्रेशनचे आकडे कितीही सुंदर असोत, इंजिन उघडावेच लागणार.

शिवाय टर्बो नसलेल्या एफसीत जास्त फेऱ्यांवर उघडणारी दोन जादा पोर्ट (हवा आत घेणारी छिद्रे) असतात. ती कार्बनने चिकटून बसली असतील तर गाडी ४,००० फेऱ्यांनंतर दम सोडते. हा दोष किरकोळ आहे, पण किंमत पाडून घ्यायला उपयोगी पडतो.

धुरकट (सॅन होजे)

आपण कॅलिफोर्नियात आहात हे विसरू नका. इथे स्मॉग (धुराच्या) चाचणीतून सूट १९७५पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांनाच आहे आणि आरएक्स-७ त्यानंतर बाजारात आली, म्हणजे एकही आरएक्स-७ सुटत नाही. आपल्या भागात एफसीला रोलरवर चालवून तिच्या नळीतला धूर मोजतात. आरएक्स-८ नवी असल्याने तिची चाचणी गाडीतल्या संगणकाला जोडून होते. रोटरीच्या धुरात न जळलेले हायड्रोकार्बन मुळातच जास्त असतात. ते कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतो आणि म्हणूनच तो लवकर दमतो. तो बदलायचा झाल्यास राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असलेलाच घ्यावा लागतो, आणि या गाडीसाठी तसे पर्याय फार नाहीत. कायद्याने स्मॉगचा दाखला विक्रेत्याने द्यायचा असतो आणि तो ९० दिवसांच्या आतला असावा लागतो. दाखला हाती आल्याशिवाय एक डॉलरही देऊ नका. ‘ट्यून करून घ्या, मग सहज पास होईल’ असे म्हणणाऱ्याने ते ट्यूनिंग स्वतःच का केले नाही, असे त्याला नम्रपणे विचारावे.

नऊ हजारी (टेक्सास)

सगळे एफसीबद्दलच बोलत आहेत, म्हणून आरएक्स-८ची बाजू मांडतो. माझ्याकडे तीच आहे आणि ती बदनाम होण्यात मालकांचा वाटा मोठा आहे. सुरुवातीच्या गाड्यांची इंजिने लवकर गेली हे खरे. मॅझ्दाने अमेरिकेत २००४ ते २००८च्या गाड्यांच्या इंजिनाची हमी वाढवून आठ वर्षे किंवा एक लाख मैल केली, ती उगाच नव्हे. पण २००९पासून तेलाची व्यवस्था सुधारली आणि प्रत्येक रोटरला तेल सोडणाऱ्या नोझल दोनाच्या तीन झाल्या. तुमची गाडी त्याच वर्षाची आहे.

तिला मारतात त्या इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या. त्या हळूहळू कमजोर होतात, इंधन अर्धवट जळते, ते कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटते, कन्व्हर्टर वितळून तुंबतो आणि कोंडलेली उष्णता इंजिनावर उलटते. मी दर ३०,००० मैलांना चारही कॉइल बदलतो. फायलीत ऑइलच्या पावत्या आहेत असे आपण लिहिले; कॉइलची एकतरी पावती आहे का, ते पाहा.

दुसरे म्हणजे, थंड गाडी गॅरेजबाहेर काढून लगेच बंद करू नका. प्लग ओले होतात आणि मग ती सुरू होत नाही. तसे झाल्यास एक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारावा, म्हणजे इंधन बंद राहते आणि आतले पेट्रोल बाहेर फेकले जाते. आणि इंजिन पूर्ण तापल्यावर दिवसातून एकदा तरी तिला ९,००० फेऱ्यांपर्यंत मोकळी धावू द्यावी. जपून चालवलेल्या रोटरीत कार्बन साठतो. म्हाताऱ्या काकूंनी जपून वापरलेली गाडी ही जाहिरात इथे उलटी वाचायची.

साताऱ्याचा चालक (फ्रीमाँट)

आपणा सर्वांचे आभार. रोटरीचे यंत्र असलेला एक मेकॅनिक तासाभराच्या अंतरावर सापडला आणि शनिवारी दोन्ही गाड्या त्याच्याकडे नेल्या. आकडे २५० फेऱ्यांच्या हिशेबात आणलेले आहेत.

एफसी: पुढचा रोटर ६.८, ६.६, ६.७, मागचा ६.७, ६.५, ६.४.
आरएक्स-८: पुढचा रोटर ७.६, ७.४, ७.५, मागचा ७.३, ५.४, ५.२.

फायलीत कॉइलची पावती एकही नाही. आरएक्स-८चा मालक भला माणूस निघाला. त्याचा चेहरा पाहून मलाच अपराधी वाटले, कारण गाडीत काही बिघाड आहे याची त्याला खरोखर कल्पना नव्हती. त्याने तिथेच किंमत जवळजवळ निम्म्यावर आणली. आता त्या किमतीत ती घेऊन इंजिन बांधून घ्यावे का?

तेलकट बाही (न्यू जर्सी)

मागच्या रोटरचे आकडे पुन्हा पाहा. एकच बाजू पडलेली असती तर रोटरच्या कडेच्या साइड सीलवर संशय घेतला असता, कारण ती त्या-त्या बाजूपुरती असतात. अपेक्स सील मात्र दोन बाजूंच्या मधल्या टोकावर बसते, म्हणजे दोन खोल्यांमधली ती सामाईक भिंत आहे. भिंत पडली की दोन्ही खोल्या उघड्या पडतात. तुमच्याकडे ५.४ आणि ५.२ अशा दोन बाजू एकदम पडल्या आहेत आणि तिसरी ठणठणीत आहे. अपेक्स सील झिजले आहे, चिकटले आहे किंवा तुटले आहे.

चिकटले असेल तर एखादे वेळी सुटते. तुटले असेल तर त्याच्या तुकड्याने हाउसिंगच्या आतल्या क्रोमवर ओरखडा काढलेला असणार, आणि तो इंजिन उघडल्याशिवाय खात्रीने कळत नाही. सील, स्प्रिंग आणि रबरी रिंगांचा संच परवडतो. हाउसिंग टाकाऊ निघाले की सारा हिशेब कोलमडतो. तुम्ही इंजिन कधी उघडलेले नाही, म्हणजे मजुरीही द्यावी लागणार. निम्म्या किमतीचा मोह टाळा, असे मी सांगेन. एफसीचे आकडे तरुण इंजिनाचे नाहीत, पण एकसारखे आहेत, आणि एवढ्या एकसारख्या आकड्यांवरून इंजिन बांधल्याची गोष्ट पावतीविनाही मला खरी वाटते.

नऊ हजारी (टेक्सास)

माझी आवडती गाडी हरली, तरी आकड्यांपुढे बोलण्यासारखे काही नाही. एफसीचे बुडबुडे मात्र पाहिल्याशिवाय घेऊ नका.

साताऱ्याचा चालक (फ्रीमाँट)

बुडबुडे नव्हते. गरम इंजिन पहिल्या सेल्फला सुरू झाले. पल्सेशन डँपर कोरडा आहे, पण तो मी याच आठवड्यात बदलणार आहे. तेलाच्या नळ्यांपैकी एक, दख्खनी रोटर यांनी लिहिल्याप्रमाणे, मेकॅनिकच्या बोटांतच तुटली. त्याने लगेच नवीन बसवून दिली आणि तेवढे पैसे मालकाने किमतीतून कमी केले. स्मॉगचा दाखला मालकाने मंगळवारी आणून दिला. हायड्रोकार्बनचा आकडा मर्यादेच्या जेमतेम आत आहे, त्यामुळे दोन वर्षांनी कन्व्हर्टरचा प्रश्न येणार हे धरून चाललो आहे. गुरुवारी एफसी घरी आली.

पहिल्यांदा पेट्रोल भरायला वडिलांना सोबत नेले. बारा गॅलनच्या हिशेबाने सहा औंस टू-स्ट्रोक तेल मापून आधी टाकीत ओतले आणि मग पेट्रोल सोडले, म्हणजे ते आपोआप मिसळते. हे सर्व वडील लक्षपूर्वक पाहत होते. मी झाकण लावून पैसे देऊन परत आलो, तोवर त्यांनी गाडीच्या मागच्या कोपऱ्यावर दोन्ही हात टेकवून तिला चार वेळा जोरात हलवले होते, जशी ते चेतक हलवत असत.